सर नावाचा फोल्डर

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की क्लासला येणाऱ्या मुलांना तुम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोतले माहीत आहात. आपला कॉम्प्युटर क्लास मात्र चालू आहे. तुमच्या माघारी काकू चालवतात, आणि मी महाडच्या एमआयडीसीतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी मशीन बघायला जाते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर क्लासमध्ये माझ्या हातून जे झालं, ते मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.

मी पोलादपूरच्या वरच्या वाडीतून यायची. घरी कॉम्प्युटर असणं शक्यच नव्हतं, म्हणून तुम्ही मला एक जुना कीबोर्ड दिलात. अजून डोळ्यांपुढे येतं, कशालाही न जोडलेल्या त्या कीबोर्डवर मी चुलीपुढे बसून बोटं चालवते आहे, शेजारी आई वाल सोलते आहे आणि मधेच विचारते आहे की गो, यात तुला दिसतं तरी काय. पुढे तुम्ही बॅच फाइल शिकवलीत. एका साध्या फाइलीत हुकूम लिहून ठेवायचे, मशीन ते एकापाठोपाठ एक पाळत जातं. मी फोल्डरचा पत्ता लिहिला, त्याच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं टाकली नाहीत, आणि तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला उभं केलंत. "नावात जागा सोडलीस की मशीनला वाटतं, नाव तिथंच संपलं. ते तुला विचारायला येणार नाही. जेवढं कळलं तेवढ्यावर काम करून मोकळं होईल." मला रडू आलं होतं. एवढ्याशा दोन खुणांसाठी इतकं बोलायचं, असं मनात म्हटलं होतं.

त्याच वर्षी पूर आला. पाणी ओसरल्यावर लोक घरातला चिखल उपसत होते आणि तुम्ही त्यांना सांगत फिरत होतात की भिजलेले फोटो फेकू नका, माझ्याकडे आणा. दासगावपासून लोक आले. एकमेकांना चिकटलेले अल्बम तुम्ही घमेल्यातल्या स्वच्छ पाण्यात सोडायचात, एकेक फोटो अलगद सोडवून दोरीवर वाळत घालायचात. स्कॅन करायला मी. मूळ फोटोंवर काही दिवसांतच बुरशी चढली. तुम्ही काढून ठेवलेल्या सीड्या नंतरच्या पुरात गेल्या. शेवटी सगळं तुमच्या मशीनवर राहिलं, 'सर' नावाच्या फोल्डरमध्ये. मशीन बदललं तेव्हा ती डिस्क मीच नव्या मशीनमध्ये बसवली.

परीक्षेचं सॉफ्टवेअर क्लासच्या सगळ्या मशीनवर नव्याने टाकायचं होतं. एकेका मशीनवर हाताने करत बसण्यापेक्षा मी बॅच फाइल लिहिली. आधी जुनं सॉफ्टवेअर पुसायचं, मग नवं उतरवायचं. जुनं होतं 'सर क्लास' नावाच्या फोल्डरमध्ये. माझ्या घरच्या लॅपटॉपवर मी चाचणीसाठी जो फोल्डर केला होता, त्याच्या नावात जागा नव्हती, त्यामुळे तिथे सगळं सुरळीत झालं. क्लासमध्ये पहिल्यांदा तुमच्या मशीनवर चालवलं. काळ्या पडद्यावर ओळी सरकल्या, काम झालं. दुसऱ्या मशीनवर मात्र असा फोल्डरच सापडत नाही म्हणून संदेश आला. तिसऱ्यावरही तोच. मी फाइल उघडून पाहिली. पत्त्याला अवतरणचिन्हं नव्हती. हसूच आलं मला, तुमची आठवण झाली, काकूंना म्हटलंसुद्धा की सर असते तर आज पुन्हा उभं केलं असतं. चिन्हं टाकली, बाकीची मशीन उरकली. काकूंनी चहा आणला. कप तोंडाला लावला आणि मग मनात आलं की हा संदेश पहिल्या मशीनवर का आला नाही.

कारण तिथे 'सर' नावाचा फोल्डर होता. मशीनने जागेपर्यंतचं नाव वाचलं आणि तेवढं पुसलं. पुसण्याआधी विचारू नकोस, असं मीच त्याला लिहून दिलं होतं. अशा पुसण्यात काही कचरापेटीत जात नाही, सर, आणि त्याच डिस्कवर मी लगेच नवं सॉफ्टवेअर उतरवलं होतं. डिस्क बिघडली आहे, दुरुस्त करून आणते, असं काकूंना सांगून मी ती पुण्याला, पुसलेल्या फायली परत काढून देणाऱ्यांकडे घेऊन गेले. थोड्या फायली निघाल्या. कुणाचं कपाळ आणि डोळे, खाली सगळं करडं. कुणाच्या लग्नाचा नुसता मांडव.

महिन्याभराने, काकू क्लासमध्ये नसताना, दासगावच्या एक बाई आल्या. त्यांची मुलगी शाळेत असतानाच तापाने गेली होती. तिचा तो एकच फोटो, पुरात भिजलेला. तुम्ही छापून दिलेली प्रत ओलीने पांढरी पडत गेली होती, म्हणून दुसरी हवी होती. मी त्यांना म्हटलं, मशीन बिघडलं, फोटो गेले. त्या भांडतील असं वाटलं होतं. त्या बाकावर बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि मलाच म्हणाल्या की मशीन ते, त्याला कोण काय करणार. मग म्हणाल्या,

"तू बघितलास ना गो तो फोटो? सांग, कशी दिसत होती. माझ्या डोळ्यांपुढं आता तोंडच येत नाय तिचं."

मी सांगितलं. दोन वेण्या, वर बांधलेल्या. लाल रिबिनी. गालात हसत होती. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. म्हणाल्या, "हां. तशीच." आणि उठून एसटीला गेल्या.

ती बॅच फाइल आता नीट चालते. मी ती पुन्हापुन्हा तपासली, काही उपयोग नसताना. काकूंना वाटतं डिस्क दुरुस्त होऊन आली; परवा म्हणाल्या की सरांचे ते पुराचे फोटो एकदा सगळ्यांना दाखवायला हवेत, आणि मी मान हलवली. हे पत्र मी कंपनीतल्या माझ्या खणात ठेवणार आहे, क्लासमध्ये ठेवलं तर काकूंच्या हाती लागेल.

आणि सर, त्या मुलीचा फोटो मी पाहिलाच नव्हता. स्कॅनरवर ठेवला असेल मीच, पण स्कॅन करताना मी फोटोंकडे बघत नसे. फाइलचं नाव बरोबर पडलंय ना, एवढंच बघत होते.