तुला शोधणारी माणसं

प्रिय ठोंब्या,

हे नाव पाकिटावर घालता आलं नाही, म्हणून आत लिहिते आहे. पाकिटावरचं अक्षर बघूनच तू मला ओळखलं असशील. तरी पत्र खाली ठेवू नकोस. उभा असशील तर बस, आणि शेवटपर्यंत वाच. मी रागवायला लिहीत नाही.

घरी बरंचसं तसंच आहे. मोरीतला नळ गळतो, तुझ्या खोलीत मी आठवड्याला पंखा पुसते. फक्त दाराची बेल काढून टाकली. तू गेल्यानंतर वसुलीची दोन माणसं आली होती. खुर्च्या ओढून बसली, पाणी मागून प्यायली आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, मुलगा बँकेला बुडवून पळाला आणि आई इथे पंख्याखाली बसलीये होय? त्यानंतर बेल वाजली की माझ्या हातातलं भांडं निसटायचं. आता येणारे दार वाजवतात, आणि मी आधी फटीतून बघते.

फोनचं मात्र काही करता आलं नाही. वसुलीवाल्यांपैकी रोज दोघं करायचे. सकाळी एक खेकसायचा, दुपारी दुसरा समजूत काढायचा. दुपारचा मला मावशी म्हणायचा. मावशी, जेवलात का? मग ऐका, आज साहेब खुशीत आहेत, साठ टक्क्यांत मिटवून टाकू. तुला माहीतच आहे, आम्हाला शाळेत नन्सनी फोनवर बोलायचंही वळण लावलेलं. आधी आपलं नाव सांगायचं, आवाज चढवायचा नाही, शेवटी आभार मानायचे. एकदा खेकसणाऱ्याने आपल्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मी सवयीने म्हणाले, फोन केल्याबद्दल आभारी आहे. तर तो हळूच म्हणाला, बाई, तुम्ही बऱ्या आहात ना? तू असतास तर लोळून हसला असतास.

मामा म्हणायचा, ताई, उचलूच नकोस फोन. तू जामीन नाहीस, सही तुझी नाही, तुझ्या अंगाला काय चिकटतंय? आणि द्यायचेच असतील तर थांब. भाजीवाला उठायच्या वेळी भाव उतरवतो, तसे हे महिनाअखेरीला उतरतील. तसंच झालं. तू एका कार्डाने दुसऱ्या कार्डाचं तोंड बंद करत स्टुडिओ चालवत होतास, त्याचा व्याज-दंडाने फुगलेला आकडा आधी साठ टक्क्यांवर आला, मग निम्म्यावर, मग त्याच्याही खाली. मामा म्हणाला, आता घे पदरात. पण मी हो म्हणेना. मुदत मागायचे, हप्ते मागायचे, चष्मा सापडत नाही म्हणायचे. मामा वैतागला. तुला कर्ज मिटवायचंय की त्यांच्याशी गप्पा मारायच्यात? त्याला मी कारण सांगितलं नाही. तुला सांगते.

'मला शोधू नका' एवढंच लिहून तू गेलास. पोलिसांनी ती चिठ्ठी उलटसुलट पाहिली. सज्ञान माणूस, स्वतःच्या पायांनी गेलाय, आम्ही काय करणार, म्हणाले. तुझ्या मित्रांनी थोडे दिवस फोन केले. मग तेही थांबले. नंतर एका दुपारी पोलिसांचा फोन आला, कालव्यात कुणी सापडलंय, अंगकाठी जुळते, येऊन बघा. मामाला न सांगता एकटीच गेले. लांब बोळ होता, फिनेलचा वास होता. तिथला माणूस भला होता, म्हणाला, आधी पाय दाखवू का? मी पाय बघितले. तुझे नव्हते. कुणाचे तरी होते रे, कुणा आईला ओळखू येतील असे. घरी येऊन पर्स मांडीवर घेऊन तशीच बसले. तेवढ्यात फोन वाजला. खेकसणारा. कुठे लपवून ठेवलाय पोराला, म्हणाला. आणि ठोंब्या, मला हुंदका फुटला तो आनंदाने. पोलीस तुझ्याबद्दल 'होता' म्हणायला लागले होते. तू कुठेतरी जेवतोस, झोपतोस, त्याचे फोन चुकवतोस, याची खात्री जगात फक्त त्या एका माणसाला होती. वसुलीवाले तुझ्या जुन्या घरमालकाला फोन करत, स्टुडिओतल्या मदतनिसाला करत, वर्गमित्रांना करत. त्यांच्याकडे माणसं होती, यंत्रणा होती, आणि तू सापडावास अशी गरज होती. पैसे भरले असते तर त्यांनी शोधणं सोडलं असतं. म्हणून दर महिनाअखेरीला मी नाही म्हणत राहिले.

मग परवा-परवा दुपारच्याचा फोन आला आणि आवाजात गोडवा नव्हता. मावशी, सापडला. नवा फोन हप्त्यावर घ्यायला कागदपत्रं दिलीत त्याने, पत्ता आलाय आमच्याकडे. हप्त्यावर फोन! कालव्यातून वर आल्यासारखा श्वास घेतला मी. असा शहाणपणा तूच करणार. बरोबर आहे ना बघा, म्हणून त्याने पत्ता वाचून दाखवला. शीतगृहाच्या मागे, वरचा मजला, शेवटची खोली. मी वर्तमानपत्राच्या कडेवर लिहून घेतला. पुढे तो म्हणाला, शनिवारपर्यंत चाळीस टक्के. नंतर आमची मुलं त्याच्या कामावर जातील, चारचौघांत. ती माझ्यासारखी नाहीत. त्या मुलांतली दोन मी माझ्याच खुर्च्यांवर बसलेली पाहिली आहेत. मी लगेच हो म्हणाले. पण मामाने माझ्याकडून घोकून घेतलं होतं, तसं त्या दुपारच्याच्या हातात काही दिलं नाही, त्याने सांगितलेल्या खात्यातही नाही. आधी बँकेच्या कागदावर तडजोडीचं पत्र मागवलं, तुझ्या कार्डांचे नंबर आणि रक्कम लिहिलेलं. मग मामाला घेऊन थेट शाखेत गेले, ते पत्र खरं असल्याची खात्री करून घेतली, बाबांची ठेव मोडली आणि भरले. पावती आणि काही देणं उरलं नसल्याचा दाखला, दोन्हींच्या प्रती सोबत आहेत. नावापुढे 'तडजोड' असा शेरा राहील, त्यामुळे बरीच वर्षं कुठली बँक तुला कार्ड देणार नाही म्हणे. मला तर हे ऐकून बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. बंद तर पडला नाही ना, म्हणून मी उचलून बघत होते. सुटलो एकदाचे, असं मामा म्हणाला, आणि मला तेव्हापासून कधी नव्हती एवढी भीती वाटते आहे. हे पत्र बघून तू म्हणशील, आईने गाठलं, आणि पिशवी भरून दुसरीकडे जाशील. मी तिथे येणार नाही. पत्ता मामालाही दिलेला नाही. घरी ये असंही म्हणत नाही, तुला वाटेल तेव्हा ये. फक्त ती खोली सोडू नकोस. त्यांनी तुझी फाइल बंद केली, राजा. पोलिसांनी तर उघडलीच नव्हती. मला कुणाला शोधता येत नाही, मी नुसती फोन उचलणारी. या वेळी तू गेलास, तर तुझ्यामागे कुणीसुद्धा येणार नाही.

तुझीच, तू आहेस तिथेच असावास म्हणून जीव मुठीत धरून बसलेली,
आई