सासरेबुवा बसले की सुरू

मंगळवार, ३ मार्च
आज आमची लाँच सुरूच होईना. स्टार्टर गरागरा फिरतोय, इंजिन पेटत नाही. धक्क्यावरचे सगळे जमले आणि प्रत्येकाने सल्ला दिला. शेवटी सासरेबुवा आले, मागच्या फळीवर बसले आणि म्हणाले, "आता मार किल्ली." मारली. सुरू!
माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

बुधवार, ४ मार्च
योगायोग नाही. ते बसले की सुरू, ते उठले की ठप्प. ते फळीवर मिशा पिळत बसून असतात. "इंजिन माणूस ओळखतं," म्हणे. चाळीस वर्षं त्यांनी लाँच चालवली, ती जुन्या इंजिनावर. हे नवं इंजेक्शनवालं त्यांना मेलं आवडत नाही. "कॉम्प्युटरला विचारून पेटणारं कसलं इंजिन?"
सोळा तारखेपासून खाडीपलीकडच्या दवाखान्याच्या नर्सेसना सकाळी पोचवायचं काम मला मिळालंय. तिथल्या साहेबांनी बजावलंय, एक फेरी चुकली तर काम दुसऱ्या लाँचला. आणि नवरा जहाजावरून फोनवर सांगतोय, "बाबांना आता घरी बसू दे, गुडघे गेलेत त्यांचे." म्हणजे सासऱ्यांना घरी बसवायचं आणि लाँच त्यांच्याशिवाय हलत नाही. करू काय?

शुक्रवार, ६ मार्च
मिस्त्री आला. लॅपटॉप जोडला, आकडे दोनदा तपासले. मग म्हणाला, "वहिनी, कॉम्प्युटर म्हणतोय की इंजिन फिरतच नाहीये."
"अहो, समोर फिरतंय की!"
"आपल्याला दिसतंय. त्याला नाही दिसत. शाफ्ट फिरतोय हे सांगणारा सेन्सर गप्प आहे, म्हणून तो ना पेट्रोल सोडत, ना ठिणगी."
नवा सेन्सर बसवला. तोही गप्प. सासरेबुवा बसले. बोलायला लागला.
मिस्त्रीने टोपी काढून डोकं खाजवलं.

शनिवार, ७ मार्च
मिस्त्रीचं म्हणणं, फरक वजनाचा असणार. म्हणून सासऱ्यांचं वजन करायचं ठरलं, मासळीच्या काट्यावर! "मी काय सुरमई आहे?" म्हणून ते रुसून घरी गेले. मग अंदाजाने पाण्याचे कॅन फळीवर रचले. नाही. मिस्त्री स्वतः बसला. नाही. धक्क्यावरचा चहावाला बसला, तो तर सासऱ्यांच्या दुप्पट. तरी नाही.
चहावाला म्हणाला, "त्यांचा सदरा घालून बसू का?"
खरं सांगायचं तर मी सदरा आणायला निघालेही होते.

रविवार, ८ मार्च
सासरेबुवांना हातापाया पडून परत आणलं. ते आज राजासारखे आले.

मंगळवार, १० मार्च
सापडलं! इंजिन चालू होतं. मिस्त्रीच्या हातून एक नट पडला. तो म्हणाला, "काका, जरा पाय वर घ्या." त्यांनी घेतले. इंजिन बंद.
सगळे त्या पायांकडे बघत राहिलो.
बसले की टाच पायाखालच्या लाकडी पाटीवर टेकवायची त्यांची जुनी सवय. पाटीखालून सेन्सरची वायर जाते. तिचा जोड घट्ट धरून ठेवणारी कडी तुटलेली, जोड निसटायला आलेला. टाचेने पाटी दाबली की तो जागेवर बसायचा. मिस्त्रीने नवी कडी लावली आणि ओढून दाखवली. "आता हाताने काढल्याशिवाय निघायचा नाही."
मी एकटीने सुरू केलं. पहिल्या फटक्यात. आनंदाने ओरडलेच.
सासरेबुवा म्हणाले, "बरं झालं." चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि चालत घरी गेले.

गुरुवार, १२ मार्च
लाँच एकदम गुणी झालीये. सासरेबुवा धक्क्याकडे फिरकले नाहीत. विचारलं तर म्हणे, "गुडघे दुखतात." वाईट वाटतंय. त्या फळीकडे बघवत नाही.

शनिवार, १४ मार्च
आज इंजिन ऑइल बदललं. घरी सासरेबुवांनी तेच वर्तमानपत्र दोनदा वाचलं.

सोमवार, १६ मार्च
पहिली फेरी. नर्सेस रांगेत उभ्या आणि स्टार्टर नुसता गरगर. घाम फुटला. पाटी उचलली. जोड सुटलेला, कडी शाबूत. आणि त्याच्या शेजारी सासऱ्यांचा चष्मा.
जोड बसवला. फेरी वेळेवर झाली. घरी आले तर ते पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होते.
म्हटलं, "बाबा, इंजिन परत अडतंय. उद्यापासून सकाळी येऊन बसाल का?"
त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मग, "येईन. पण चष्मा कुठे गेला कोण जाणे."
"जेवणाच्या टेबलावर ठेवलाय," मी म्हटलं. "काचेला ग्रीस लागलं होतं, ते पुसलंय."