हेमालीच्या डब्यातली गांडुळं

पूर्णा,
१८ जुलै २०२५

चि. सौ. काशीस,

अनेक आशीर्वाद. वेळेवर जेवतेस ना? बाळाला जाऊन दोन महिने झाले, तरी दोन घास पोटात जायलाच हवेत गं. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चौथीचा वर्ग चालू आहे. तू ज्या खिडकीशी बसायचीस, तिथून आता गोदामाचे पत्रे दिसतात.

दोनदा तुमच्या दारात आले. तुझा नवरा नवशा म्हणाला, "बाई, तुमी जावा. पोरगी आता शालेत न्हाय येनार." त्याला मी दोष देत नाही. म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या, मनोजच्या हाती देते आहे.

वर्गात आम्ही गांडुळांचा आठवडा केला. पोती शिवून बोगदा केला, पोरं त्यातून सरपटत गेली. काचेच्या बरणीत माती, वाळू, पाला असे थर लावले. मग हौसेने मी स्पर्धा ठेवली, सगळ्यात जास्त गांडुळं आणेल त्याला कागदाचा मुकुट. गावात जिकडेतिकडे काँक्रीट, पोरांना दोन-तीनच्या वर मिळेनात. तुझी हेमाली डबा भरून घेऊन आली. मी टाळ्या वाजवायला लावल्या, तिला मुकुट घातला. कुठून आणली, ते विचारलं नाही. एवढी वर्षं शिकवण्यात काढली आणि एवढी अक्कल नाही मला.

शनिवारी सगळ्यांना सांगितलं, जिथून आणली तिथेच नेऊन सोडायची. हेमाली डबा छातीशी धरून म्हणाली, "बाई, तिथं न्हाय. दुसरीकडं सोडते ना." मी रागावले. नियम सगळ्यांना सारखा, म्हटलं. ती डबा घेऊन निघाली.

पुढचं तुला माहीत आहे. गोदामाच्या भिंतीमागे बांधावर, तुमच्या बाळाला पुरलंय तिथे, ती नवशाला सापडली. वीतभर माती उकरलेली, आणि ही डब्याचं झाकण घट्ट दाबून रडत बसलेली. मुकुटासाठी भावाला उकरलं, म्हणत त्याने तिला मारलं. तूही तिच्याशी बोलत नाहीस, असं मनोज सांगत होता. पोर तोंड उघडत नाही. तिच्या वतीने मला सांगायचंय, आणि ते लिहिताना चारदा कागद फाडला.

काशी, स्पर्धेच्या आधी मी शिकवलं होतं, जे मरतं ते गांडुळं खातात आणि त्याची माती करतात. हेमाली उभी राहिली. "बाई, मानसाला पन?" मी म्हटलं, "माणसाला, राजाला, सगळ्यांना!" आणि हसले. वर्गही हसला. ती खाली बसली. बाळ गेल्यावर मी तुझ्यापाशी येऊन बसले होते, तरी त्या क्षणी मला आठवलं नाही.

तिला मुकुट नको होता. तिच्या शेजारी बसणाऱ्या पोरीने परवा सांगितलं, हेमाली रोज शाळा सुटली की बांधावर जाऊन चमच्याने गांडुळं वेचून काढायची. भावापाशी एकही राहू नये म्हणून. आणि मी ती परत तिथेच टाकायला पाठवली.

वरच्या मातीतली गांडुळं बाळापर्यंत पोचत नाहीत, हे तिला तू सांग. माझ्यावर ती आता विश्वास ठेवायची नाही. नवशाला हे पत्र वाचून दाखव. हात उगारायचाच तर माझ्यावर उगार म्हणावं. शाळेत नाही पाठवलीस तरी चालेल, पण आज तिला जवळ घे.

तिच्या प्रश्नावर हसलेली,
तुझी आनंदीबाई