न विचारणारं दार

ता. ९ ऑगस्ट, शनिवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. तू वर्षभर माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला लाल बटण नसतं.

लिफ्टच्या प्रोग्रामचं काम अजून मीच बघते. म्हणजे कालपर्यंत बघत होते.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा हात दारात सापडला, त्याची चौकशी तू विसरला नसशीलच. प्रोग्राममधला दाराचा भाग, म्हणजे ते मॉड्यूल, तुझं; सेन्सरचं माझं. दारात कोणी आहे का, हे सांगणारं चार ओळींचं फंक्शन माझ्याकडे होतं. साहेबांपुढे मी फाइल उघडून दाखवली. त्यात काहीच चूक दिसेना. तू एवढंच म्हणालास, "ताई, माझं दार तुला विचारतं आणि तू सांगशील तसं वागतं." मी फक्त त्या फाइलकडे बोट दाखवलं. नोकरी तुझी गेली.

त्या फंक्शनमध्ये आधी चूक होती. अपघाताच्या आदल्याच दिवशी मी ती दुरुस्त केली आणि फक्त माझं मॉड्यूल पुन्हा कंपाइल करून यंत्राच्या भाषेत आणलं. पण महिन्याभरापूर्वी, लिफ्ट चपळ व्हावी म्हणून, मीच कंपायलरला सांगून ठेवलं होतं: छोट्या फंक्शनांना दर वेळी हाक मारत बसू नकोस, जिथे लागतात तिथेच त्यांची नक्कल उतरव, मॉड्यूल दुसऱ्याचं असलं तरी. शाबासकीही मिळवली होती. म्हणजे तुझं दार मला विचारतच नव्हतं. माझी जुनी चूक त्याच्या पोटात तशीच होती, कारण तुझं मॉड्यूल पुन्हा कंपाइल करायचं मी विसरले होते.

हे मला कधी कळलं, ते लिहायचं टाळत होते. तू टेबल आवरलंस, त्याच दुपारी. मी दोन्ही मॉड्यूल नव्याने कंपाइल केली आणि दार शहाण्यासारखं थांबलं. तू तेव्हा जिन्यातच होतास. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मला माझी खुर्ची प्यारी झाली. लाज वाटते रे.

काल साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी विचारलं, "वर्षभर काय करत होतात?" सोमवारपासून मी घरी. चूक तुझी नव्हती, असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय. ते सोबत जोडलंय. आईलाही सांगितलं. ती उठून तुझ्या खोलीतली चादर बदलून आली.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तू पुन्हा ताई म्हणालास, तर देईन.

तोवर नुसतीच,
आईची थोरली