माझ्या वाटणीची

४ फेब्रुवारी, रविवार

भावंडं आली, जेवली, गेली. खोली पुसून काढली.

आठवणी काढायला आली होती म्हणे! पलंगाभोवती खुर्च्या मांडल्या आणि ही आमची बहीण समोर टक्क डोळे उघडे ठेवून पडलेली असताना तिचं चरित्र सुरू केलं. काय हिंडायची, काय हसायची — सगळं भूतकाळात! वादळात जहाजावर तिने केलेलं ते बाळंतपण दादाने सांगितलं तेव्हा जुळं होतं. ताईने सांगितलं तेव्हा एकच मूल, पण पायाळू. वकील भाऊ म्हणाला, जहाज तेव्हा बंदरातच उभं होतं. आठवणी सगळे काढतात. बेडपॅन मी काढते.

६ फेब्रुवारी

इथे कोण वाचायला येतंय म्हणून लिहिते — मला मजा येतेय. जन्मभर ही बोलली आणि आम्ही ऐकलं. दोन-चार वर्षांनी उगवायची, साबणाच्या वड्या वाटायची आणि बोलत सुटायची. कुठला समुद्र हिरवा, कुठल्या बंदरातले हमाल गाणी म्हणत ओझी उचलतात. मध्ये कुणी तोंड उघडलं की 'थांब गं जरा'. आता झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता तू थांब गं जरा!

शिलाई मशीन तिच्याच खोलीत हलवलंय. लोकांच्या पँटी आखूड करता करता बोलते. आईच्या शेवटच्या आजारपणाचं सगळं सांगितलं, वासासकट. मध्येमध्ये शिव्याही घालते. ही मान डोलावते.

७ फेब्रुवारी

सूप फार गरम होतं. मला माहीत होतं.

११ फेब्रुवारी, रविवार

हिचं करून पाठ मोडली, असं मी नुसतं म्हटलं, तर दादा म्हणाला, 'शेवटी ती तुझ्याच वाटणीची!' सगळे हसले.

आम्ही नऊ. आईचे दोन हात पुरेनात, तेव्हा तिने धाकट्यांची थोरल्यांत वाटणी करून टाकली. दादाला सहावा, ताईला सातवी, तिसऱ्याला आठवा, आणि चौथीला — म्हणजे हिला — मी, शेंडेफळ. मधला पाचवा कुणाच्याच वाट्याला गेला नाही, म्हणून वकील झाला. वाटणीच्या मुलाला न्हाऊ घालायचं, विंचरायचं, शेजारी बसवून जेवू घालायचं. आणि पुढे घराबाहेर जम बसला की त्याला आपल्याकडे नेऊन शिकवायचं. दादाने नेलं. ताईने सासरी अट घालून नेलं. तिसऱ्याने कुरकुरत का होईना, नेलं.

हिने जहाजावर नर्सची नोकरी धरली. निघायच्या दिवशी माझी वेणी घालताना म्हणाली, 'किनाऱ्यावर घर घेतलं की तुला बोलावते हं.' घर घेतलं. ते विकून मोठं घेतलं. मी वाट बघत बसले. मग आई अंथरुणाला खिळली आणि मला कोण सोडतंय! लग्नाचंही तसंच राहून गेलं. हिला एकानेही जाब विचारला नाही. साबण आणायची ना!

१५ फेब्रुवारी

विचारलं. मशीन थांबवलं, समोर बसले.

'खरं सांग. मला बोलावणार होतीस का?'

हिने मान हलवली. हो.

पुन्हा विचारलं. हो! तिचे डोळे भरले होते. माझ्या तर धारा लागल्या.

१६ फेब्रुवारी

तिचे केस धुतले. सूप निववून दिलं. एवढी वर्षं उगाच मनात विष घोळवत बसले. नोकरीच तसली, आज इथे उद्या तिथे, राहून गेलं असेल बिचारीचं. पण बोलावणार होती.

१८ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यांना सांगितलं. ताईने मला जवळ घेतलं. दादा म्हणाला, आम्हाला माहीतच होतं. वकील जाताना दारात म्हणाला, वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना एकदा दाखवून घे.

२१ फेब्रुवारी

बाई आल्या. तरुण, गोड आवाजाच्या. तिच्यासमोर बसून हसतमुखाने विचारायला लागल्या. तुम्ही नर्स होतात का? हो. ही खिडकी आहे का? हो. तुम्ही घोडा आहात का? हो. माझ्याकडे बोट दाखवून — या तुमच्या आई का? हो, हो.

मला बाहेर नेऊन म्हणाल्या, 'त्यांना शब्दांचा अर्थ लागत नाहीये. ओळखीचा आवाज आला की मान हलवतात, एवढंच. त्यांचं "नाही" यायला लागलं की समजा, सुधारतायत.'

म्हणजे मी घातलेल्या शिव्याही पोचल्या नाहीत. आणि तो 'हो'ही माझा नव्हता.

२२ फेब्रुवारी

तू घोडा का? हो. गाढव? हो. हसून हसून पोट दुखलं. तीही हसली. मग विचारलं, मेलेली बरी का तू? हो. परत विचारलं. हो.

९ मार्च

रोज तासन्‌तास घोकून घेते. हा चमचा का? ही उशी का? भावंडांना वाटतं, माझी माया उतू चाललीय. वाटू दे. मला हिचा 'नाही' हवाय. तो आल्याशिवाय हिच्या 'हो'ला काय किंमत?

२ एप्रिल

कात्री धरून विचारलं, हे फूल आहे का? ती थांबली. कात्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान आडवी हलवली! मग घोडा, उशी, आई, सगळं उलटसुलट विचारून पाहिलं. एकदाही चुकली नाही. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, तुमच्या कष्टांचं चीज झालं.

ते विचारलं नाही. उद्या.

५ एप्रिल

पँटी साचल्यात. वेळ झाला नाही.

८ एप्रिल, रविवार

पुन्हा आठवणी, पुन्हा ते बाळंतपण. ताई डोळे पुसत म्हणाली, 'केवढं मन हिचं! तुला बोलावणारच होती ना गं!' मी पलंगाकडे पाहिलं. ती ऐकत होती. तिला कळत होतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले.

९ एप्रिल

विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान आडवी हलवली. खोटं बोलली असती तर मला कुठे कळणार होतं!