क्लच हळूहळू सोडा

४ फेब्रुवारी
आजपासून गोळी सुरू. मला झालेलं काहीच नाही. परवा गणिताचे सर गाडी शिकत होते, समोरून ट्रक आला आणि माझ्या बाजूचा ब्रेक मी जरा उशिरा दाबला. पाय झोपला होता, एवढंच. सरांनी स्टिअरिंग फिरवलं म्हणून वाचलो. पण बायको हात धुऊन मागे लागली आणि मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी गाडी शिकवणारा माणूस, मला मन कुठून आलं?

५ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंच्या सूचना: गोळी रोज ठरल्या वेळी. गुण यायला काही आठवडे. दारू बंद. एखादी राहिली तर पुढची दुप्पट घ्यायची नाही. आपल्या मनाने थांबवायची नाही. जगू नये असं वाटलं तर लगेच फोन. (इथे मी मोठ्याने हसलो. बाकी कोणी हसलं नाही.) आणि गोळी कशी मानवते ते कळेपर्यंत गाडी चालवायची नाही.
शेवटची अट मी पाळणारच. मी गाडी चालवतच नाही. विद्यार्थी चालवतात, मी शेजारी बसतो.

९ फेब्रुवारी
मळमळ. तोंड कोरडं. गुण शून्य. ही म्हणते धीर धरा. हिचं काय जातंय सांगायला!
सकाळी मोजे हातात घेऊन बसलो, चहा निवून गेला. घालून पुढे करायचं काय, तेच सुचेना. मोजे जुने झालेत. नवे आणायला हवेत.

१५ फेब्रुवारी
काल गोळी राहिली म्हणून आज दोन. दुप्पट नको ते बहुतेक दारूबद्दल होतं.
संध्याकाळ. घाम, थरथर. गणिताचे सर म्हणाले, आज तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले दिसता. ट्रकनंतरही सर माझ्याकडेच येतात. भला माणूस.

११ मार्च
कमाल! आंघोळ कोणी न सांगता. शीळसुद्धा घातली. ही स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. कांदा असावा.
ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांना सांगितलं, गोळी लागली. ते खुर्चीतून उठलेच, कुठे लागली म्हणून. मग लागू पडली असं सांगितलं. दोघंही पोट धरून हसलो. किती दिवसांनी!

१२ मार्च
संकल्प: पहाटे उठणे. व्यायाम. हिला गाडी शिकवणे (लग्नापासून मागे लागली आहे. नवऱ्याने बायकोला शिकवू नये, हे माझं तत्त्व. पण बघू).
आणि गोळी आजपासून बंद. बरा माणूस औषध कशाला घेईल? गरज सरो वैद्य मरो, ही म्हण काय उगाच पडली? उरलेल्या गोळ्या मोज्यांच्या खणात. हिला उगाच काळजी नको.

१६ मार्च
मान वळवली की डोक्यात झटका. विजेचा असतो तसा. चक्कर. हवा बदलते आहे.

१७ मार्च
सरांनी आज गाडी सारखी बंद पाडली. शेवटी ओरडलो. कितीदा सांगायचं, क्लच एकदम सोडायचा नाही! हळूहळू सोडा. एकदम सोडला की गाडी झटके खाते आणि बंद पडते. एवढं साधं कळत नाही, आणि म्हणे गणित शिकवतात.
ओरडताना पुन्हा झटका आला. माझ्या डोक्यात, गाडीला नव्हे.

२० मार्च
टूथपेस्टचं झाकण बेसिनखाली गेलं. अर्धा तास रडलो. बेसिनची उंची चुकली आहे.

२३ मार्च
गाडी भिंतीला. सरांचं मनगट मोडलं. मालकांना सांगितलं, पाय झोपला होता. त्यांनी विचारलं, काही समोर आलं की बरोबर तेव्हाच कसा झोपतो? आणि किल्ल्या काढून घेतल्या.

२५ मार्च
हिला खणात गोळ्या सापडल्या. माझ्यासाठी मोजे काढायला गेली होती.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही गोळी बंद करायची तर आम्ही सांगू तशी, डोस कमी करत. एकदम सोडली की झटके बसतात. हळूहळू सोडायची असते.
हे वाक्य मी दिवसभर म्हणतो. त्याचे पैसे घेतो.
मग त्यांनी पायाचं विचारलं. मी म्हटलं, झोपला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं.
पाय झोपला नव्हता. दोन्ही वेळा जागा होता. दाबावंसं वाटलं नाही. शेजारी सर आहेत हेही आठवलं नाही. ही उठून खिडकीशी गेली.

२७ मार्च
पुन्हा पहिल्यापासून. लहान डोस, तीच मळमळ. गोळ्या हिच्या पर्समध्ये. मालक म्हणतात, सध्या घरी बसा. मोजे कशासाठी घालायचे ते अजून कळलेलं नाही.
आज तपासणीला गेलो. घरची गाडी हिने चालवली. मागेच शिकली म्हणे, आमच्या स्कूलच्या समोरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. लायसन्ससुद्धा आहे. क्लच छान सोडते. चूक काढायला बघत होतो, मिळाली नाही.
सिग्नलला पुढचा ट्रक थांबला आणि माझा पाय खाली जोरात दाबला गेला. आपोआप. तिथे ब्रेक नव्हता. हिने तिचा आधीच दाबला होता.