लेक हॉलच्या टेपमधला गाढव

२ जून १९९१, रविवार
टपालाने आमच्या टेप जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या नॉर्बर्टची नवी यादी आली. सत्ताविसावी नोंद: 'ब्लू फर्नेस' बँड, लेक हॉल, टोलेडो, ९ नोव्हेंबर १९७४. अख्खा कार्यक्रम. त्या बारा मिनिटांच्या गिटारसकट.
मला जळफळाट वगैरे काही झालेला नाही. यादी चारदा वाचली ती चुका काढायला.
पण टोलेडोचा मी. त्या रात्री लेक हॉलमध्ये हजर मी. कोटाखाली रेकॉर्डर लपवून नेणारा मी. आणि टेप कोणाकडे? शाळेच्या लायब्ररीत शिक्के मारणाऱ्या नॉर्बर्टकडे! माझ्या मशीनने ऐन वेळी दगा दिला, नाहीतर... मार्लीन म्हणते, तू रेकॉर्डचं बटण दाबलंच नव्हतंस. सतरा वर्षांपूर्वीचं हिला काय आठवणार?
निश्चय: नॉर्बर्टकडे मागायची नाही. मेलो तरी.

४ जून, मंगळवार
निश्चय कायम. मेव्हण्याला, रॉयला फोन केला. त्याने स्वतःच्या नावाने टेप मागवायची. याला मागणं म्हणत नाहीत.
रॉय म्हणाला, "हार्व, सरळ विचार की त्याला! तुमच्यात कोणी नाही म्हणतं का? कोरी कॅसेट आणि टपालाची तिकिटं पाठवली की काम झालं."
रॉयला तत्त्व कळत नाही. इंडियानात राहतो.

१६ जून, रविवार
लग्नाचा सोळावा वाढदिवस. तळ्याकाठच्या हॉटेलात मासे खाल्ले. दरवर्षीचं भांडण झालं. मी मार्लीनला मागणी घातली ती याच हॉटेलात, गुडघ्यावर बसून, अंगठी पुढे करून. ती म्हणते, "हॅ! तू विचारलंस त्या बँडच्या गोंगाटात, हॉट डॉग खाता खाता." इतकी वर्षं हेच. शेवटी मी मोठ्या मनाने गप्प बसलो.
जेवताना नॉर्बर्टचा विषय मी फक्त पाच-सहा वेळा काढला.

२९ जून, शनिवार
आली! दुकान बारालाच बंद केलं. सायलेन्सर कुठल्या गाडीचा आणि कुठे फुटलाय हे मी आवाजावरून, पाठमोरा उभा राहून सांगतो. शून्यातून धंदा उभा केला तो या दोन कानांवर. टेप ऐकली.
गिटार स्वच्छ. फार स्वच्छ. चुका टिपायला पेन्सिल घेऊन बसलो होतो, कागद कोराच.
मग देव पावला. नेमका गिटार सुरू झाल्यावर रेकॉर्डरजवळ कोणी गाढव बडबडू लागतो. चिरका, नाकातला आवाज. आधी मोहरीच्या सॉसबद्दल तक्रार. मग, "बघ गं, लाल दिवा लागलाय का?" रेकॉर्डिंगमधला कोणी नवशिका असणार. मग वरच्या पट्टीत, "काय गं, लग्न करतेस का माझ्याशी? लवकर सांग, गिटार चाललीय!"
मुलगी हसते, म्हणते, "आधी तोंड पूस." मग म्हणते, "बरं, हो."
बिचारी. असल्याबरोबर जन्म काढायचा म्हणजे!

३० जून, रविवार
मंडळाच्या पत्रिकेला लिहिलं: "नॉर्बर्ट यांच्या टेपचा दर्जा 'क'. कारण, एक असह्य मूर्ख प्रेक्षक." आज झोप छान लागेल.

६ जुलै, शनिवार
मंडळाचा नियम: टेपला ब्लेड लावायचं नाही, जशी आहे तशी ठेवायची. नियम सामान्य लोकांसाठी असतात. ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन त्या गाढवाचे अकरा तुकडे कापले. गिटारही थोडी गेली. बारा मिनिटांची सात राहिली, पण शुद्ध. ऑगस्टच्या मेळाव्यात ऐकवणार. नॉर्बर्टचं तोंड बघायचंय.

९ जुलै, मंगळवार
कचऱ्याची गाडी तुकडे घेऊन गेली. ब्याद टळली.

३ ऑगस्ट, शनिवार
सँडस्की, मोटेलचा हॉल. बावीस जण. मार्लीनने बटाट्याचं सॅलड आणलं होतं.
माझी टेप लावली. सगळे गप्प. मला वाटलं, भारावलेत. मग नॉर्बर्ट हळूच म्हणाला, "हार्वी, हिला ब्लेड लागलंय रे. मूळ टेप लावतो, म्हणजे फरक कळेल." वरून सुतकी चेहरा. ढोंगी!
लावली. गाढव बोलू लागला. मार्लीनने सॅलडचा वाडगा खाली ठेवला.
"थांबवा जरा! हार्व, अरे हा तू आहेस."
मी म्हटलं, माझा आवाज असा नाही.
मागून कोणीतरी म्हणालं, "असाच आहे. आत्ताही नाकातूनच बोललास."
सगळा हॉल हसला. नॉर्बर्ट हसला नाही. तेच जास्त लागलं.
गाडीत मार्लीनने एवढंच विचारलं, "मी हो म्हणते तो तुकडा कुठाय?"
मी म्हटलं, मंगळवारच्या गाडीत.

८ ऑगस्ट, गुरुवार
पाच दिवस झाले, मार्लीन बोलत नाही. मी फुलं आणली. ती तिने दुकानाच्या पायरीवर ठेवली.
पत्रिका आली. माझं पत्र पहिल्या पानावर. 'असह्य मूर्ख' ठळक अक्षरांत.

९ ऑगस्ट, शुक्रवार
नॉर्बर्टला पत्र लिहिलं. स्वतःच्या नावाने, चार वेळा फाडून. कोरी कॅसेट, तिकिटं. 'कृपया' हा शब्द दोनदा आला. गाढवासकट मागितली.

१९ ऑगस्ट, सोमवार
आली. माझी कोरी कॅसेट आणि तिकिटंही परत. त्याने आपल्या पदरची पाठवली. वेष्टनावर त्याचं मोत्यासारखं अक्षर: "गिटार: ब. प्रेक्षक: अ." पाकीट मार्लीनच्या नावाने.
ती म्हणाली, "किती सज्जन माणूस! तुझ्या तोंडून कधी चांगलं ऐकलं नाही त्याच्याबद्दल."
टेप तिच्या गाडीत असते. मला हात लावायला बंदी. आज शेजारी बसून ऐकली. तिचं 'हो' झालं, तिने पुन्हा मागे नेऊन ऐकलं, पुन्हा हसली. मग नुसती गिटार उरली.
तिने टेप पुढे पळवली.